मागं अक्षर नसलेला प्रोसेसर

आदिलाबादला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मी तयार डबे विकत नाही. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट असं सुटं सामान हैदराबादहून मागवायचं आणि गिऱ्हाइकाच्या ऐपतीत बसेल असा कॉम्प्युटर जोडून द्यायचा, हे माझं काम. शाळेचे मास्तर, वकिलांचे कारकून, जिनिंगचे मुनीम, झेरॉक्सवाले अशी माझी गिऱ्हाइकं. अठरा वर्षं मी हे केलं आणि अठरा वर्षं एकाच कंपनीचे प्रोसेसर बसवले. प्रोसेसर बनवणारी दुसरी मोठी कंपनी आहे हे ठाऊक होतं, पण तिचा माल मी कधी हातात धरला नव्हता. कुणी विचारलं, की मी म्हणायचो, "तो लय गरम होते." हे मी कुठंतरी ऐकलेलं होतं, स्वतः पाहिलेलं नव्हतं.

माझी एक सवय होती आणि तिचा मला अभिमान होता. सामानाचं सील मी गिऱ्हाइकासमोरच फोडायचो. दुकानात जोडून, कापडात गुंडाळून नेऊन द्यायचं नाही. गिऱ्हाइकाच्या घरी किंवा हापिसात जायचं, सतरंजी अंथरायची आणि त्याच्या डोळ्यांदेखत जोडायचं. आतला माल नवा आहे याची त्याला खात्री पटायची. आणि खरं सांगायचं तर लोक भोवती उभं राहून माझे हात बघायचे, ते मला आवडायचं.

इचोड्याला एक बाई आहेत. त्यांचं घरही आमच्यासारखंच, पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलेलं मराठी. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण मी त्यांना ताईच म्हणतो. पंधरा वर्षं त्यांनी मग्गमचं काम केलं. लाकडी चौकटीवर ब्लाऊजचं कापड ताणायचं आणि सुईनं त्यावर जरी, मणी, टिकल्या भरायच्या, त्याला इकडे मग्गम म्हणतात. पुढं मानेचं दुखणं लागलं. मग त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत मुलींसाठी कॉम्प्युटरचा क्लास काढायचं ठरवलं आणि मला बोलावलं.

"भाऊ, सहा पाह्यजेत," त्या म्हणाल्या. "स्वस्तातले पाह्यजेत, पण घडीघडी बंद पडणारे नको."

मी हैदराबादच्या व्यापाऱ्याला फोन लावला. आमची ओळख फक्त आवाजाची. तो म्हणाला, तुमच्या कंपनीचा हलका प्रोसेसर बाजारात नाही, दोन महिने तरी येणार नाही. दुसऱ्या कंपनीचा घ्या. त्याच पैशात जास्त वेगवान येतो, आणि उद्या वरचा प्रोसेसर टाकायचा झाला तर बोर्ड बदलावा लागत नाही. हे दुसरं कारण मला पटलं. थोड्याच दिवसांपूर्वी एक कारकून आपला दोन वर्षांचा कॉम्प्युटर घेऊन आला होता आणि नव्या प्रोसेसरसाठी बोर्डही नवा लागेल हे ऐकून तो तसाच परत घेऊन गेला होता. ताईंच्या पोरी पुढंमागं मोठं काहीतरी शिकतील, तेव्हा हे कामी येईल असं मला वाटलं. मी हो म्हणालो.

"कौन सा भेजूं साब?" व्यापाऱ्यानं विचारलं. "नंबर के पीछे जी वाला, या बगैर जी का?"

आता इथं थोडं सांगावं लागेल. माझ्या जुन्या कंपनीच्या मालात नंबरच्या मागं 'एफ' अक्षर असलं, की समजायचं यातला चित्र दाखवणारा भाग काढून टाकलेला आहे. असा प्रोसेसर बसवला तर कॉम्प्युटर चालतो, पण पडद्यावर काही दिसत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. एकदा मी त्यात फसलो होतो. तेव्हापासून मी स्वतःशी नियम केला होता, की नुसता नंबर घ्यायचा. अक्षर म्हणजे भानगड.

"पीछे अक्षर नक्को," मी म्हणालो. "सादा वाला भेजो."

"पक्का? सोच लो."

"अठरा साल से यही कर रहा हूं," मी म्हणालो. तो हसला की काय कोण जाणे, पण सहा लिहून घेतले.

इचोडा हमरस्त्यावर आहे, म्हणून पार्सल ट्रान्सपोर्टवाल्याकडून थेट तिथंच उतरवून घेतलं. मी सकाळच्या बसनं गेलो. दुसऱ्या दिवशी क्लास उघडायचा होता. बारा पोरींनी नावं घातली होती. ताईंनी भिंतींना रंग दिला होता, टेबलं ओळीनं लावली होती, प्रत्येक मॉनिटरवर स्वतः शिवलेलं झाकण घातलं होतं. मी सतरंजी अंथरली, पहिलं खोकं ताईंच्या हातात दिलं आणि म्हणालो, "फोडा सील."

प्रोसेसर बाहेर काढून मी उलटा केला आणि माझा हात तिथंच थांबला.

माझ्या कंपनीचा प्रोसेसर खालून सपाट असतो, नुसते सोनेरी ठिपके. काटे बोर्डावर असतात. ह्याच्या पोटालाच काटे होते, हजाराच्या वर, केसासारखे बारीक, दाट उभे. मी फोटोत कधीतरी पाहिलं असणार, पण फोटो वेगळा आणि तळहातावर तो तुकडा धरणं वेगळं. मला एकदम असं वाटलं, की आपण हे काम पहिल्यांदाच करतोय.

"काय झालं भाऊ?" ताईंनी विचारलं.

"काही नाई. हा वेगळा हाये थोडा."

बसला मात्र तो सहज. सॉकेटमध्ये आपल्या वजनानंच उतरला. मी दांडी खाली दाबली, वर पंखा आवळला, आणि मघाची धाकधूक गेली. दुपारी बाराच्या आत मी तीन कॉम्प्युटर जोडले. पहिला सुरू केला. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळा. केबल काढून परत लावली. काळा. मॉनिटर बदलला, रॅम काढून पुसून बसवली. काळाच. दुसरा सुरू केला, तोही तसाच. मी तिसऱ्याचं बटण दाबायच्या आधी ताई उठून आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. तिसराही काळा.

एक कॉम्प्युटर खराब निघू शकतो. तीन एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं खराब निघाले असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. तेवढ्यात दारात एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली, उद्याची वेळ विचारायला. उघडे पडलेले डबे बघून तिनं ताईंना तेलुगूत विचारलं, "एमैंदि अक्का?" काय झालं म्हणून. ताई शांतपणे म्हणाल्या, "ऐपोतुंदि." होऊन जाईल. ती गेली. मला मात्र तिच्याकडे मान वर करून बघता आलं नाही.

मला वाटलं, प्रोसेसर नीट बसला नसेल. म्हणून पहिल्या कॉम्प्युटरचा पंखा मी सोडवला. उष्णता ओढून घ्यायला मधे पेस्ट लावतात, तिनं तो धरून बसला होता, निघेना. माझ्या कंपनीच्या मालात अशा वेळी जोर करून सरळ वर ओढायचं, कारण प्रोसेसरवर लोखंडी चौकट असते, तो जागचा हलत नाही. मी जोर केला. 'टक' असा आवाज होऊन पंखा सुटला. तो मी टेबलावर ठेवला आणि बोर्डात वाकून बघितलं.

सॉकेट रिकामं होतं.

दांडी खाली दाबलेलीच होती. कुलूप लावलेल्या घरातून माणूस नाहीसा व्हावा तसं ते होतं. क्षणभर मला खरंच वाटलं, की मी प्रोसेसर बसवलाच नव्हता. मी सतरंजीवर शोधलं, खोक्यात शोधलं. मग ताई म्हणाल्या, "भाऊ, त्या पंख्याच्या खाली तं नाई ना?"

मी पंखा उचलून उलटा केला. ह्याच्यावर चौकट नव्हती, म्हणून प्रोसेसर पंख्याच्या बुडाला चिकटून बाहेर आला होता आणि मी तो काट्यांसकट टेबलावर टेकवला होता. एका कोपऱ्यातले काटे पावसानं लोळवलेल्या ज्वारीसारखे आडवे झाले होते.

मी भिंतीला टेकून खाली बसलो. मला आठवतं, त्या वेळी मला सामानाची काळजी नव्हती. मी फक्त माझ्या हातांकडे बघत होतो. याच हातांनी मी डोळे मिटून रॅम बसवायचो. आणि आज ते एका साध्या कामात असे वागले, की जणू कुणी दुसऱ्याचेच हात मला लावून दिलेत.

ताईंनी तो प्रोसेसर उजेडाकडे धरला.

"हे सरळ होते," त्या म्हणाल्या.

"नाई होत ताई. तुटते ते."

"तुटते तं तुटते. वाकून तरी काय कामाचं हाये?"

त्यांनी आतून मग्गमच्या सुयांची डबी आणली, चष्मा लावला, खिडकीजवळ बसल्या. सगळ्यात बारीक सुई घेतली. एक एक काटा खालून उचलायचा, थोडा उभा करायचा, सोडून द्यायचा, दुसऱ्याकडे जायचं, परत पहिल्याकडे यायचं. एका दमात त्यांनी एकही काटा सरळ केला नाही. मी शेजारी बसून मोबाईलची बॅटरी धरली होती. श्वाससुद्धा जपून घेत होतो. पाऊण तासानं त्यांनी ओळीवरून नजर फिरवली, जशी त्या कापडावरच्या मण्यांवरून फिरवत असतील. शेवटचा काटा उचलताना तो मुळातून तुटला आणि त्यांच्या मांडीवर पडला. त्यांनी तो बोटाच्या टोकावर घेऊन मला दाखवला.

मी प्रोसेसर परत बसवला. तो बसला. बटण दाबलं. पडदा काळा.

"झालं," मी म्हणालो. "एक काटा गेला, प्रोसेसर गेला."

ताईंनी सुई डबीत ठेवली. मग म्हणाल्या, "भाऊ, एक इचारू? हा काटा तं आता तुटला. पडदा सकाळपासून काळा हाये. आन बाकीच्या दोघाईचे काटे तं कोनी मोडले नाई."

इतकं साधं होतं ते. मला सुचलं नव्हतं. माझ्या डोक्यात ते तुटलेलं इतकं घुसलं होतं, की आधी काय बिघडलं होतं तेच मी विसरलो होतो. त्यांनी खोकं हातात घेतलं, त्यावरचा नंबर मोबाईलमध्ये टाकला आणि वाचू लागल्या. इंग्रजी त्या अक्षर अक्षर जुळवून वाचतात, म्हणून वेळ लागला.

"इथं लिवलं हाये, ह्याच्यात चित्र दाखवाचं नाई. वेगळं कार्ड लागते."

"असं कसं?" मी म्हणालो. "बोर्डाच्या मागं पडद्याची केबल लावाले जागा हाये ना."

त्यांनी फोन माझ्याकडे दिला. मी वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. जागा बोर्डावर होती, पण तिथून चित्र पाठवणारं आत कुणी नव्हतं. या कंपनीत ज्याच्या मागं 'जी' अक्षर असतं त्यातच चित्राचा भाग असतो. नुसता नंबर असेल तर नसतो. माझ्या कंपनीच्या बरोबर उलट.

मी व्यापाऱ्याला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यानं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "साब, मैंने दो बार पूछा. आपने ही बोला, अक्षर नक्को."

त्याच्या आवाजात चिडही नव्हती, चेष्टाही नव्हती. तसं काही असतं तर मला भांडता आलं असतं. मी फोन ठेवला आणि ताईंना सगळं सांगितलं. व्यापाऱ्यानं विचारलं होतं हे, मी काय उत्तर दिलं हे, आणि अठरा वर्षांची गोष्ट त्याला ऐकवली हेसुद्धा. ताईंनी दोष दिला नाही. त्यांनी विचारलं, "असं कार्ड तुमच्या दुकानात हाये का एकतरी?"

एक होतं, जुनं, तपासणीसाठी ठेवलेलं. मी बस पकडून आदिलाबादला आलो आणि चारच्या सुमाराला परत इचोड्याला पोचलो. तोवर मी न जोडलेल्या तीन कॅबिनेटांची खोकी ताईंनी उघडून, स्क्रू वाट्यांमध्ये वेगवेगळे काढून ठेवले होते. मी उरलेले तिन्ही जोडले आणि ते एक कार्ड एकेकात लावून बघितलं. सहाच्या सहा सुरू झाले. काटा तुटलेलासुद्धा. त्याची रॅमची एक बाजू तेवढी मेली होती. दुसऱ्या बाजूला रॅम लावली, की तो नीट चालत होता. हजारातला एक काटा गेला तर काय जातं आणि काय राहतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पडद्यावर अक्षरं उमटली तेव्हा मला आनंद झाला नाही. मी नुसता बघत राहिलो.

"क्लास पुढं ढकला ताई," मी म्हणालो. "माझ्यामुळं झालं. मीच पोरींच्या घरी जाऊन सांगतो."

"काऊन?" ताई म्हणाल्या. "एक चालून राह्यला ना? पाच उघडे हायेत. उद्या तुमी पोरीईले आतलं दाखवा. पडद्यावरचं मी मंग शिकवतो."

मी नाही म्हणालो. मला कधी शिकवता आलेलं नाही, आणि त्या दिवशी तर काही सांगायचा हक्कच उरला नाही असं वाटत होतं. ताईंनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, की पहिल्या बसनं या, नारळ तुमच्या हातानं फोडायचा आहे.

घरी जाऊन मी बायकोला सांगितलं. तिनं भाकर वाढता वाढता ऐकलं आणि विचारलं, "मंग त्या दुसऱ्या कंपनीबद्दल तुमी लोकाईले एवढे दिवस काय सांगत होते?" मी अर्धी भाकर ताटातच सोडून उठलो.

सकाळी बारा पोरी सतरंजीवर बसल्या होत्या, काहींच्या आया दाराशी. नारळ फुटला. ताईंनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि बाजूला झाल्या. मी उघडा कॉम्प्युटर पुढं ओढला. बोर्ड कुठला, रॅम कुठली असं सांगायला लागलो, पण पाचेक मिनिटांत माझ्या लक्षात आलं, की पोरी त्या तुटक्या काट्याच्या प्रोसेसरकडे बघताहेत. तो मी सकाळी बाहेर काढून, उलटा करून डबीत ठेवला होता. मग मी ठरवलेलं सगळं सोडलं आणि काल काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं मोडक्या तेलुगूत. रिकाम्या सॉकेटपाशी आलो तेव्हा एकही पोरगी हलली नाही. पंख्याखाली तो सापडला हे सांगितल्यावर त्यांनी वाकून वाकून तो बघितला, एकीनं दुसरीच्या हातात देताना खाली ओंजळ धरली.

एका मुलीनं विचारलं, "सर, मंग त्या दोन कंपन्या एकमेकाईले इचारून अक्षरं काऊन नाई लिवत?"

मला हसू आलं नाही. मी अठरा वर्षांत हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता, स्वतःलाही नाही. "मले माहीत नाई," मी म्हणालो. वर्गात उभं राहून, पोरींच्या आयांसमोर, हे वाक्य बोलायला मला वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी कष्ट पडले. याचाच मला जास्त धक्का बसला.

व्यापाऱ्यानं पाच प्रोसेसर थोडी घट धरून परत घ्यायचं कबूल केलं आणि त्याआधीच 'जी' वाले पाठवले. तेवढं त्यानं केलं, करायलाच हवं होतं असं नाही. काटा तुटलेला कोण घेणार? त्यात मी ते जुनं कार्ड कायमचं बसवून दिलं. तो कॉम्प्युटर ताईंनी स्वतःच्या टेबलावर ठेवला.

नवे प्रोसेसर घेऊन मी तिसऱ्या आठवड्यात इचोड्याला गेलो. हत्यारांची पिशवी उघडली तर ताईंनी ती माझ्या हातातून घेतली. पाचही कॉम्प्युटर त्यांनी अर्धा तास आधीच, कार्ड नसताना, काळ्या पडद्यानं चालू करून ठेवले होते. "गरम असला म्हंजे पेस्ट ढिली पडते," त्या म्हणाल्या. "मी वाचलं." मग वीज बंद करून त्यांनी पंखा ओढला नाही; डावीकडं, उजवीकडं, बरणीचं झाकण फिरवावं तसा हलके हलके फिरवला आणि तो अलगद उचलला. प्रोसेसर जागेवर होता.

पाचही त्यांनीच बदलले. मी स्टुलावर बसून मोबाईलचा उजेड धरला. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी पेस्टची नळी दाबली आणि थांबून विचारलं, "एवढी पुरते का भाऊ?"

मी वाकून बघितलं. "पुरते," मी म्हणालो.